मुलांना एआय देताय? आधी कागद द्या, मग स्क्रीन

मुलांना एआय वापरून चित्रं, गोष्टी, गाणी करायला शिकवायचंय म्हटलं की आईबाबा असोत नाहीतर शिक्षक, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठलं अ‍ॅप घेऊ?" मला विचाराल तर हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरचा आहे, कारण अ‍ॅपं येतात-जातात, आज फुकट असलेलं उद्या पैसे मागतं. आधी ठरवायचं ते हे की मशीनचा नंबर कधी लागणार. माझा क्रम पक्का आहे: आधी मुलाचा हात, मग मशीन, मग परत मुलाचा हात. एवढं सांभाळलंत तर साधं फुकटचं अ‍ॅपसुद्धा पुरतं. आणि हे उलटं झालं, म्हणजे कागदाला हात लावायच्या आधीच स्क्रीनवर चकचकीत चित्र आलं, की पोरगं "भारीए" म्हणतं, अजून एक मागतं, अजून एक मागतं, आणि थोड्या वेळाने कंटाळून व्हिडिओ लावून बसतं, सगळ्यात त्याने स्वतः काय केलं तर बटण दाबलं.

हा क्रम काही माझा शोध नाही. हॅरल्ड कोहेन नावाचा चित्रकार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून 'एरन' नावाच्या स्वतःच लिहिलेल्या प्रोग्रॅमकडून चित्रं काढून घेत होता, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मशीन फक्त रेषा काढायचं, रंग तो स्वतः हाताने भरायचा. २०१६ मध्ये तो गेला तोपर्यंत हे काम चालूच होतं. म्हणजे चित्रकार आणि मशीन एका चित्रावर काम करतायत ही गोष्ट पन्नास वर्षं जुनी आहे, घाबरायचं कारण नाही आणि फार हुरळून जायचंही नाही.

पायरी १: वय आणि अकाउंट, हे आधी उरकून टाका

बोअरिंग भाग आहे पण टाळू नका. चॅटजीपीटीच्या नियमांत किमान वय १३ आहे आणि १८ च्या खाली असाल तर पालकांची परवानगी लागते, बाकीच्या टूल्सचे नियम वेगवेगळे असतात, साइन अप करताना वाचायचे. युनेस्कोनेही २०२३ मध्ये शाळांसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यात वर्गात असली टूल्स वापरायला १३ वर्षांची मर्यादा सुचवलेली आहे. त्यामुळे मुलाच्या जन्मतारखेत खोटं वर्ष टाकून अकाउंट उघडायचं नाही, मुलाच्या डोळ्यांसमोर तर अजिबातच नाही.

माझी विभागणी साधारण अशी. सात वर्षांच्या आत चित्र बनवणारं एआय दाखवायची गरजच नाही, कागद, माती, खडू भरपूर द्या, फार तर त्याने काढलेलं चित्र चालतं-बोलतं करून दाखवा (खाली पायरी ३ मध्ये येतं). सात ते बारा, अकाउंट तुमचं, फोन किंवा लॅपटॉप तुमच्या हातात, मूल शेजारी, ते सांगणार आणि तुम्ही टाइप करणार. यात एक फायदा असा की मुलाला टायपिंगमध्ये अडकावं लागत नाही, तोंडाने भराभर सांगता येतं. तेरानंतर त्याचं त्याला करू द्या पण अधूनमधून शेजारी जाऊन बसा.

सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बघा. एक, 'डेटा कंट्रोल' किंवा तत्सम नावाखाली आपलं बोलणं आणि चित्रं मॉडेल (एआयच्या आतला, शिकणारा प्रोग्रॅम) शिकवायला वापरू देणारं बटण असतं, ते बंद करा. दोन, फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, कारण फोटोच्या आत तो कुठे काढला हे लपून बसलेलं असतं आणि चित्राचा फोटो टाकताना तेही सोबत जाऊ शकतं. मुलाचा चेहरा, युनिफॉर्म, शाळेचं नाव, कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेलं पूर्ण नाव, यातलं काहीही अपलोड करायचं नाही. "माझ्या फोटोचं कार्टून कर ना" हा हट्ट येणारच, तेव्हा सांगायचं की आधी तू आरशात बघून तुझं चित्र काढ, मग त्या चित्राचं करू.

पायरी २: मशीन शिकतं कसं ते खेळातून कळू दे

मुलांना वाटतं आत कोणीतरी बसलंय जो चित्र काढतो, किंवा मशीनला सगळं माहीत असतं. हे दोन्ही गैरसमज लेक्चर देऊन जात नाहीत, खेळून जातात.

पहिला खेळ गुगलचा 'क्विक, ड्रॉ!' २०१६ पासून आहे, अकाउंट लागत नाही, ब्राउझरमध्ये उघडतो. तो एक शब्द देतो, २० सेकंदांत बोटाने काढायचं, आणि मशीन तोपर्यंत बडबडत ओळखायचा प्रयत्न करतं. सहा चित्रं झाली की खरी मजा सुरू होते, आपल्या चित्रावर टॅप केलं की तीच वस्तू बाकीच्यांनी कशी काढली ते दिसतं. इथे थांबा, पुढच्या राउंडला पळू नका. मुलाला विचारा, तुझी सायकल याला का ओळखता आली नाही? सगळ्यांची एका बाजूने काढलेली आहे आणि तू वरून काढलीस म्हणून? मग चूक कोणाची, तुझी का मशीनची? या खेळातून गोळा झालेली ३४५ विषयांची ५ कोटी चित्रं गुगलने नंतर सगळ्यांसाठी खुली केली, म्हणजे मशीनला सायकल 'माहीत' आहे ती असंख्य लोकांनी घाईघाईत काढलेल्या सायकलींवरून. हे मुलांना लगेच कळतं.

दुसरा खेळ 'टीचेबल मशीन', हाही गुगलचाच आणि हाही फुकट. यात मूल स्वतः मास्तर होतं. एका डब्यात स्वतः काढलेल्या मांजरांची चित्रं कॅमेऱ्यासमोर धरायची, दुसऱ्या डब्यात कुत्र्यांची, 'ट्रेन' (म्हणजे शिकव) लिहिलेलं बटण दाबायचं, आणि मग नवीन चित्र दाखवून बघायचं ओळखतंय का. चित्रं तुमच्या ब्राउझरमध्येच राहतात, सेव्ह करून वर टाकल्याशिवाय कुठे जात नाहीत. आता मुद्दाम घोळ घाला: सगळी मांजरं लाल खडूने आणि सगळे कुत्रे निळ्या खडूने काढून शिकवा, मग निळं मांजर दाखवा. बहुतेक वेळा ते ठामपणे कुत्रा म्हणतं, आणि पोरं हसून लोळतात, पण मशीन जे दाखवलं तेवढंच शिकतं आणि चुकीचं कारण पकडून बसू शकतं हे त्यांच्या डोक्यात कायमचं बसतं.

तिसरा खेळ बिनमशीनचा आणि माझा सगळ्यात आवडता. एका कागदावर डोळे मिटून पेन्सिलीने भरपूर ठिपके मारा, त्याच्या झेरॉक्स काढा, सगळ्या मुलांना तोच कागद द्या, पण प्रत्येकाच्या कानात वेगळा शब्द सांगा, एकाला जहाज, एकाला मांजर, एकाला डोंगर. हवे ते ठिपके गडद करायचे, नको ते खोडायचे, हळूहळू आपला शब्द बाहेर काढायचा. शेवटी सगळे कागद शेजारी ठेवा. आजची बरीचशी चित्रं बनवणारी मॉडेल्स ढोबळमानाने असंच करतात, मुंग्या आलेल्या टीव्हीसारख्या नुसत्या ठिपक्यांपासून सुरू करायचं आणि आपण लिहिलेल्या शब्दांच्या दिशेने थोडा थोडा गोंधळ साफ करत जायचं (मुंग्या आलेला टीव्ही आताच्या पोरांनी बघितलेला नसतो म्हणा, त्यांना ठिपकेच बरे). कुठला गोंधळ साफ करायचा हे ते कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्यासोबतच्या ओळी बघून शिकलेलं असतं. एकच वाक्य दोनदा दिलं तरी चित्र वेगळं का येतं याचंही उत्तर यातच आहे, दर वेळी ठिपके वेगळे.

पायरी ३: मुलाचं चित्र चालतं करा

लहानांसाठी इथूनच सुरुवात करा, कारण यात चित्र मुलाचंच राहतं, मशीन फक्त हलवतं. मेटा कंपनीच्या रिसर्चवाल्यांनी २०२१ मध्ये 'अ‍ॅनिमेटेड ड्रॉइंग्ज' नावाचा डेमो काढला होता आणि २०२३ मध्ये त्याचा कोड आणि लोकांनी परवानगी देऊन टाकलेली पावणेदोन लाखांच्या वर चित्रं खुली केली, त्याच धर्तीची इतरही अ‍ॅपं मिळतात. तंत्र सगळीकडे एकच, माणसासारखी आकृती ओळखायची, तिचे सांधे शोधायचे आणि ते हलवायचे.

हे नीट चालायला काही बारीक गोष्टी लागतात. कागद पांढरा, रेघा नसलेला, चुरगळलेला नको. आकृती एकच, आणि हातपाय अंगापासून सुटे, हात पोटाला चिकटले तर मशीनला हात कुठला आणि पोट कुठलं कळत नाही. फोटो उजेडात घ्या पण तुमची आणि फोनची सावली कागदावर पडू देऊ नका, थोडं लांब उभं राहून झूम केलं की काम होतं. मग आकृतीभोवतीची चौकट आणि सांध्यांचे ठिपके दाखवतात, ते मुलालाच सरकवू द्या, कोपर कुठे आणि गुडघा कुठे हे स्वतःच्या अंगावर हात लावून बघत बघत ते ठिपके बसवतं, आणि मुद्दाम चुकीचे बसवले तर राक्षस कसा विचित्र नाचतो ते बघायला त्याला जास्त आवडतं.

तीन पायांचा प्राणी काढला तर बरेचदा अ‍ॅप गडबडतं. छान झालं, विचारा त्याला, का गडबडलं असेल? निळं मांजर आठवतं लगेच.

पायरी ४: डोक्यातलं चित्र शब्दांत सांगायला शिकणं

आता खरं चित्र बनवणारं एआय. चॅटमध्येच चित्र करून देणारं कुठलंही एक चालेल, चार-पाच ठिकाणी अकाउंट काढत बसू नका. या पायरीला वेळ द्या, कारण मला विचाराल तर मुलाला इथून मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट चित्र नाहीच, नीट बघून नीट सांगता येणं ही आहे.

आधी कागदावर. मुलाने जे बनवायचंय त्याचं पेन्सिलीने कच्चं चित्र काढायचं, अगदी काड्यांची माणसं चालतील, पण काय कुठे आहे ते दिसलं पाहिजे. मग ते चित्र तुम्हाला न दाखवता त्याने तुम्हाला तोंडी सांगायचं आणि तुम्ही तुमच्या कागदावर काढायचं. तुमचं चित्र हमखास वेगळं येणार. "अगं आई, हत्ती इकडे तोंड करून नाहीए!" "मग तू सांगितलंस का कुठे तोंड आहे?" हे एकदा झालं की प्रॉम्प्ट (मशीनला काय हवं ते सांगणारं वाक्य) म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग स्क्रीन. पहिल्यांदा मूल म्हणेल "हत्ती". टाका, येऊ दे. येतो तो कोणाचाही हत्ती. आता प्रश्न विचारायला लागा आणि त्याची उत्तरं टाइप करत जा: कसा आहे, काय करतोय, कुठे आहे, आत्ता दिवसाचा कुठला वेळ, उजेड कुठून येतोय, आपण कुठून बघतोय, आणि हे चित्र कशाने काढलंय. असं करत करत वाक्य इथवर येतं: "एक म्हातारा हत्ती, सोंडेत उघडी लाल छत्री धरलीय, पाऊस नुकताच थांबलाय, त्याच्या पावलांच्या खड्ड्यांत पाणी साचलंय, आपण बेडकाच्या उंचीवरून बघतोय, चित्र मेणाच्या खडूने काढल्यासारखं." यातलं बेडकाच्या उंचीवरून हे पोरांना फार आवडतं, कारण खरंच जमिनीवर पालथं पडून टेबल खालून कसं दिसतं ते बघता येतं. करा तसं, लोळा जमिनीवर दोघं.

काही गोष्टी लक्षात ठेवा.

एका वेळी एकच बदल. छत्री लाल ऐवजी पिवळी करायची तर तेवढंच बदला आणि काय काय बदललं ते बघा, बऱ्याचदा छत्रीबरोबर आकाशही बदलून बसतं, मग का बदललं यावर गप्पा होतात. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं काहीच कळत नाही.

"नको" म्हणून सांगणं मशीनला नीट पचत नाही. "टोपी नसलेला मुलगा" लिहिलं की टोपी यायची शक्यता उलट वाढते कारण टोपी हा शब्द तिथे आला. "वाऱ्याने केस उडालेला मुलगा" म्हटलं की काम होतं. नवीन मॉडेल्स यात सुधारलीत, तरी काय नको ते काय हवं यात बदलून सांगायचा सराव चांगलाच आहे.

कशाने काढलंय हे सांगताना मुलाने ती गोष्ट हाताने केलेली असू दे. जलरंग म्हटल्यावर ओल्या कागदावर रंगाचा थेंब कसा पसरतो हे ज्याने बघितलंय त्यालाच स्क्रीनवरचे जलरंग खरे वाटतात की खोटे हे सांगता येतं. कोळसा, माती, कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, लोकरीची बाहुली, दर वेळी एक नवीन घ्या, आधी हाताने करा आणि मगच त्याचा शब्द प्रॉम्प्टमध्ये वापरा. उजेडाचंही तेच, खोलीत अंधार करून एखाद्या खेळण्यावर खालून, बाजूने, मागून टॉर्च मारा, एकच बाहुली भुतासारखी आणि देवदूतासारखी दिसते, मग "खालून उजेड" हा शब्द त्याला कायमचा कळला.

मराठीत लिहिलं तर चालतं, मोठ्या टूल्सना मराठी बरी कळते, आणि माइकचं बटण दाबून बोललं तरी चालतं. एखादा शब्द कळलाच नाही तर वेगळ्या शब्दांत समजावून सांगा, तोही सरावच.

आणि चित्रांवर मर्यादा ठेवा. मी तीन-चारच्या वर जाऊ देत नाही एका बैठकीत. मर्यादा असली की मूल प्रत्येक चित्राआधी विचार करतं, नसली की नुसतं लॉटरीचं तिकीट खरडल्यासारखं चालू राहतं.

पायरी ५: चुका पकडा

मशीनने चित्र दिलं की लगेच वाहवा करायची नाही, आधी तपासणी. मुलांना मोठ्यांच्या चुका पकडायला आवडतात त्याहून जास्त मशीनच्या आवडतात. बोटं मोजा. आरशातलं प्रतिबिंब आणि बाहेरची वस्तू जुळतात का बघा. सावल्या एकाच बाजूला पडल्यात का? पट्टा पिशवीला जोडलेला आहे की मधेच हवेत संपतो? चित्रात देवनागरीत पाटी लिहायला सांगा, जोडाक्षरं आणि मात्रा बऱ्याचदा इतक्या अफलातून मोडतात की ती वाचायचा प्रयत्न करणं हाच वेगळा खेळ होतो.

घड्याळ तर कराच. काट्यांचं घड्याळ सांगा, ज्यात चार वाजून पस्तीस मिनिटं झालीत. बरीच मॉडेल्स तरीही दहा वाजून दहा मिनिटं दाखवतात, कारण जाहिरातींतली घड्याळं जवळजवळ सगळी दहा-दहावर लावलेली असतात आणि मशीनने तीच बघितलीत. निळ्या मांजराचा मोठा भाऊ म्हणा हा.

मोठ्या मुलांबरोबर अजून एक करता येतं. नुसतं "डॉक्टर" लिहून काही चित्रं घ्या, नुसतं "नर्स" लिहून घ्या, "श्रीमंत माणूस", "सुंदर मुलगी", आणि मग विचारा, यात कोण दिसत नाही? बाई डॉक्टर आहे का, म्हातारी माणसं आहेत का, चष्मेवाली, सावळी, जाडी, व्हीलचेअरवरची माणसं आहेत का. तेरा-चौदा वर्षांची मुलं यावर तावातावाने बोलतात, तुम्ही फक्त ऐकायचं. मग ज्यांना मशीनने वगळलं त्यांना चित्रात आणायला प्रॉम्प्ट कसा लिहायचा हे त्यांनाच ठरवू द्या.

पायरी ६: स्क्रीन बंद, परत कागदावर

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि गाळली की वरचं सगळं नुसतं मनोरंजन उरतं. मशीनचं चित्र घेऊन हाताने काहीतरी केलंच पाहिजे. सगळ्यात सोपं म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढून कात्रीने कापा, हत्ती तिकडचा, आकाश स्वतः रंगवलेलं, छत्री रंगीत कागदाची, चिकटवा. किंवा प्रिंट अर्धी कापून उरलेली बाजू मुलाने काढायची. किंवा या चित्रानंतर पुढच्या मिनिटाला काय होईल ते चित्र हाताने काढ, छत्री उडाली का, बेडूक बोलला का. मातीची मूर्ती करायची असेल तर मशीनला तोच हत्ती समोरून, बाजूने आणि मागून मागा (तिन्ही एकसारखे येणार नाहीत, तेवढं चालवून घ्या) आणि ते बघत बघत माती लावा.

प्रिंटर नसेल तर अडत नाही, स्क्रीनवर मिनिटभर बघायचं, फोन उलटा ठेवायचा आणि आठवून काढायचं.

"माझं चित्र घाण आहे"

हे वाक्य येणार, आणि बहुतेक नऊ ते बारा या वयात येणार. कलाशिक्षणातले अभ्यासक विक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात साधारण सात ते नऊचं मूल खाली जमिनीची रेघ, वर आकाशाची पट्टी असं ठाम चित्र काढतं, घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, आणि त्याला त्यात काही चुकीचं वाटत नाही. नऊच्या पुढे मात्र त्याला खऱ्यासारखं काढायचं असतं आणि हाताला अजून ते येत नसतं. बरीच पोरं चित्र सोडून देतात ती याच काळात, एआय यायच्या कितीतरी आधीपासून. आता त्याच वयात शेजारी असं मशीन ठेवायचं जे काही सेकंदांत खऱ्यासारखं काढून दाखवतं, तर जपायला नको का?

म्हणून या वयात मुलाचं चित्र अपलोड करून "हे सुंदर कर" असं मशीनला सांगायचं नाही. अजिबात नाही. ते भिंतीतून दिसणारी माणसं पुसून टाकतं, डोळे मोठे चमकदार करतं, सगळं गुळगुळीत करतं, आणि मुलाला कळतो एकच निरोप, तुझं चुकलं होतं. त्याऐवजी मशीनलाच मुलाच्या चित्राचं वर्णन करायला सांगा. चित्राचा फोटो द्या आणि लिहा, "या चित्रात काय काय दिसतंय ते सांग, चांगलं-वाईट म्हणू नकोस, आणि चित्रकाराला विचारावेत असे दोन प्रश्न दे." मुलाला आपल्या चित्राबद्दल प्रश्न विचारलेले आवडतात, आणि तुम्हालाही "छान आहे हं" च्या पलीकडे काय बोलायचं हे सुचायला लागतं.

तरीही नाराज झालं तर एआय काही आठवडे बाजूला ठेवा. ते कुठे पळून जात नाही.

गोष्टी आणि गाणी, थोडक्यात

गोष्टीतही क्रम तोच. "गोष्ट लिहून दे" म्हटलं की अर्ध्या मिनिटात गुळगुळीत गोष्ट येते ज्यात शेवटी सगळे मित्र होतात, आणि मुलाला करायला काही उरत नाही. त्यापेक्षा मशीनला प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसवा. हे जसंच्या तसं टाकता येईल: "तू नऊ वर्षांच्या मुलाला गोष्ट रचायला मदत करतोयस. गोष्ट तू लिहायची नाहीस. एका वेळी एकच छोटा प्रश्न विचार, उत्तर आलं की त्यावरूनच पुढचा प्रश्न विचार. नवीन पात्र तू आणायचं नाहीस." मधेच ते नियम विसरून गोष्ट सांगायला लागतं, मग मुलानेच त्याला दटवायचं, "ए, तू नाही लिहायचं!" मुलांना हा अधिकार फार आवडतो. गोष्ट मात्र वहीत हाताने लिहायची, किंवा लहान असेल तर ते सांगेल आणि तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहायची, व्याकरण न सुधारता.

गाण्यासाठी गुगलचं २१ मार्च २०१९ चं बाखचं डूडल (गुगलच्या पहिल्या पानावर त्या दिवशी आलेला छोटा खेळ) अजून त्यांच्या संग्रहात सापडतं. छोटीशी चाल टाकायची आणि मशीन त्याला बाकीचे तीन आवाज जोडून देतं, बाख या संगीतकाराच्या ३०६ रचनांवर शिकवलेलं आहे ते. आधी मुलाला चाल गुणगुणायला लावा, मग ती टाका. कधी ऐकायला गोड लागतं, कधी भलतंच, कुठलं आवडलं आणि का एवढं विचारलं तरी पुरे.

नाव कोणाचं लिहायचं

मुलांना हा प्रश्न स्वतःहून पडतो, पडला नाही तर तुम्ही काढा. २०२२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या जत्रेतल्या चित्रस्पर्धेत मिडजर्नी हे चित्रं बनवणारं एआय वापरून केलेल्या चित्राला डिजिटल गटात पहिलं बक्षीस मिळालं आणि बराच गदारोळ झाला. बक्षीस योग्य होतं का, यावर मुलांच्या दोन टीम करा आणि भांडू द्या, मग बाजू बदलून परत भांडू द्या. शिकवायला वापरलेली चित्रं ज्यांची होती त्यांना विचारलं होतं का, हा मुद्दा कोणीतरी काढतोच. याच मुद्द्यावर २०२३ मध्ये काही चित्रकारांनी कंपन्यांवर केसही केली.

घरापुरता माझा नियम, हयात असलेल्या चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये टाकून "याच्यासारखं काढ" म्हणायचं नाही. त्याच्या चित्रात काय आवडतं ते शब्दांत सांगायचं, जाड काळी बाह्यरेषा, फिकट रंग, मोठी रिकामी जागा. नाव टाकण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण त्यासाठी ते चित्र खरंच बघावं लागतं.

आणि प्रत्येक कामाच्या मागे पेन्सिलीने तारीख, मशीनला सांगितलेलं वाक्य, आणि कुठला भाग कोणी केला ते लिहायचं, उदाहरणार्थ "हत्तीची कल्पना, छत्री, आकाश, कापणं-चिकटवणं माझं, हत्तीचं अंग एआयचं". पहिलं कच्चं चित्र त्यालाच टाचणीने लावून ठेवा. शाळेत किंवा स्पर्धेत द्यायचं असेल तर आधी शिक्षकांना किंवा आयोजकांना विचारा की एआय चालतं का, आणि चालत असेल तर मागचा मजकूर पुढे, चित्राखाली लिहून द्या.